ब्रेकिंग म्हणावं, दवंडी म्हणावं का नुसता इशारा?

गंगथडी

आमचं गाव गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि तो सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अडचण अशी की ग्रुपवर जे येतं ते सगळं ‘ब्रेकिंग’ असतं. सोयाबीनचा भाव पन्नास रुपयांनी हलला, ब्रेकिंग. पुढाऱ्याच्या गाडीचा टायर बसला, ब्रेकिंग. कुणाच्या लेकराचं जावळ, त्या आमंत्रणावरही लाल पट्टी आणि दोन भोंग्यांची चित्रं. मागच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याचा निरोप असाच त्या गर्दीत बुडाला आणि निम्मे लोक काठावरच्या पाण्याच्या मोटारी काढायला उशिरा गेले. माणसं वाचली, मोटारी गेल्या.

तर यंदा एक शब्द राखून ठेवायचा विचार आहे. जिवामालाचं काही असेल तेव्हाच तो वर टाकायचा. एरवी कुणी वापरला तर सरळ ग्रुपातून बाहेर. म्हातारे म्हणायलेत ‘दवंडी’ ठेवा. पोरं म्हणायलेत ‘अलर्ट’. मला दोन्ही पटेनात. तुमच्याकडं काय म्हणतात? आणि ‘ब्रेकिंग’ला आपला धड शब्द आहे का नाही?

सरकी

‘फुटलेली बातमी’ म्हणा की. शब्दाला शब्द. 😄

छापखाना

सरकीताईंनी गंमत केली, पण अडचण तिथंच आहे. मराठीत बातमी फुटली म्हणजे जी झाकून ठेवायची होती ती बाहेर आली. पेपर फुटतो, कट फुटतो, बैठकीतली बातमी फुटते. म्हणून तो शब्द चालायचा नाही.

मी मराठवाड्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो, आता निवृत्त. आमच्याकडं या कामाला शब्दांची कमी नव्हती. पानं लागून छपाई सुरू झाल्यावर काही आलं तर कोपऱ्यात ‘छापता छापता’ म्हणून चौकट जायची. रेडिओवर ‘आताच हाती आलेल्या वृत्तानुसार’ म्हणायचे. वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरवर सगळ्यात तातडीचं ते ‘फ्लॅश’, त्याला घंटी वाजायची आणि चहा तसाच सोडून लोक मशीनकडं पळायचे. ‘ब्रेकिंग’ घराघरांत पोचलं ते 2007-08 च्या सुमारास, मराठीत चोवीस तासांच्या वाहिन्या सुरू झाल्या तेव्हा. स्टार माझा आणि झी 24 तास 2007 चे, आयबीएन लोकमत 2008 चं.

पण गंगथडी, या सगळ्या शब्दांतली एक गोम बघा. छापता छापता, हाती आलेलं, फ्लॅश, ब्रेकिंग. हे सगळे आमच्या बाजूचे शब्द आहेत. आम्हाला बातमी कधी मिळाली आणि आमची किती धांदल उडाली, एवढंच ते सांगतात. वाचणाऱ्यानं उठून काय करायचं याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. नदीकाठच्या माणसाला तुमच्या धांदलीचं काय करायचंय? म्हणून मी म्हणेन ‘ब्रेकिंग’चा प्रतिशब्द शोधूच नका. तुम्हाला हवी आहे ती वस्तूच वेगळी आहे.

सातबारा

महसुलात नोकरी झाली, तलाठी म्हणून लागलो होतो. छापखानाकाका बरोबर बोलले, आता दवंडीचं सांगतो.

दवंडीत बातमी नसते हो. हुकूम असतो आणि मुदत असते. ‘ऐका हो ऐका, उद्या सकाळी दहा वाजता चावडीवर ग्रामसभा आहे, समद्यांनी यावं हो’. कोण, कुठं, किती वाजता, काय करायचं. बस्स, एवढ्यात संपली. ‘धक्कादायक’ नाही, ‘बघा काय घडलं’ नाही. कोतवाल चार चौकांत थांबायचा, तेच चार वाक्यं बोलायचा, शब्द इकडचा तिकडं नाही.

आणि दवंडी म्हणजे नुसती जुनी गंमत समजू नका, कायद्यात आहे ती. ग्रामसभेची सूचना दवंडी देऊन कळवायची असते. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची, तिच्यात आदेश 21 नियम 54 बघा: स्थावर मालमत्तेवर जप्ती आली तर तो हुकूम त्या जागेवर किंवा जवळपास ढोल वाजवून किंवा तिथल्या रिवाजाप्रमाणे जाहीर करायचा. आजही. कागदावर ‘दवंडी दिली’ असा पंचनामा होतो. प्रत्यक्ष दिली का, ते विचारू नका.

आणखी एक. गावात तीन वेगळ्या चीजा होत्या, त्या एकात कालवू नका. वरून खाली यायची ती दवंडी. खालून वर जायची ती वर्दी: गावात काही वाकडं घडलं की पोलीस पाटील ठाण्याला वर्दी द्यायचा, अजून देतो. आणि माणसाकडून माणसाकडं जायचा तो सांगावा. तुमच्या ग्रुपावर या तिन्हींची खिचडी झालीय.

माळरान

आणि हाळी राहिली की काका. ह्या वावरातून त्या वावरात.

सातबारा

हाळी म्हटलं की मला हाळी-हंडरगुळीचा बैलबाजारच आठवतो. पण बरोबर आहे, चौथी हाळी.

सीमेवरचा

मी देगलूरचा. आमच्याकडं तीन भाषा एका चहाच्या टपरीवर बसतात, म्हणून थोडं भाषेचं.

मराठीत दवंडी आणि डांगोरा. कानडीत डंगुर, ‘डंगुर सारणे’ म्हणजे वाजवून जाहीर करणे. तेलुगूत दंडोरा. हिंदीत ढिंढोरा. डांगोरा आणि डंगुर तर ऐकूनच सख्खे वाटतात. गंमत म्हणजे मराठीत डांगोरा आता बदनाम झालाय. ‘कशाला डांगोरा पिटायलास’ म्हणजे बढाई मारू नको, नाहीतर घरची गोष्ट बाहेर सांगू नको. हिंदीत ढिंढोऱ्याचंही तसंच. दवंडीचं पुरतं तसं झालं नाही, तरी ‘दवंडी पिटणे’ला तो वास लागलाय. ‘दवंडी देणे’ मात्र अजून स्वच्छ आहे. देणं आणि पिटणं, क्रियापदावर सगळं.

शिवाय निजामाच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू, त्यामुळं आमचे आजोबा ‘मुनादी’ म्हणायचे. ‘मुनादी झाली का?’ मूळ अरबी शब्द, अर्थ हाक देणारा. आपण ज्याला अस्सल मराठी समजतो ते जाहीर, जाहीरनामा, जाहिरात, इशारा, खबर हे सगळे त्याच वाटेनं आलेत. ‘खबरदार’ बघा. मूळ अर्थ ज्याला खबर आहे तो. मराठीत आल्यावर दमदाटी झाली. म्हणून ‘मराठी शब्द हवा’ हा आग्रह मराठवाड्यात तरी जपून धरावा. ‘मुनादी’ ठेवा म्हणतो मी. पोरांना नवीन वाटेल, म्हाताऱ्यांना कळेल.

गंगथडी

मुनादी आमच्याकडं आता एकदोघांनाच कळेल. आणि लगेच कुणीतरी म्हणेल की हिंदी कशाला आणली. ते भांडण मला ग्रुपावर नको. 🙏

हलगी

एवढं सगळं वाचलं. मला एक विचारायचंय. दवंडी, दवंडी म्हणून सगळ्यांना फार गोड वाटायलंय, ते वाजवणारं कोण होतं?

आमच्या गावात हलगी मांगवाड्यातून यायची आणि गावकीची, निरोप्याची कामं महारवाड्याकडं. मयतीचा सांगावा परगावाला पायी न्यायचा, रात्र असो का पाऊस असो. त्याचं बलुतं म्हणजे वाढलेल्या भाकरी. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनावर बिल आणलं ते याच वेठबिगारीविरुद्ध. आणि आपण तर निजामात, त्या कायदेमंडळाचा आपल्याला उपयोगही नव्हता. आमच्या आजोबांनी हलगी खुंटीला टांगली ती परत काढली नाही. आता तुम्ही ग्रुपावर वर ‘दवंडी’ लिहून हलगीचं चित्र टाकणार, आणि आमच्या पोरांना शाळेत काय ऐकावं लागेल ते तुम्हाला माहीत नाही.

शब्द वाईट आहे असं मी म्हणत नाही. ठेवण्याआधी वाड्यातल्या माणसांना विचारा, एवढंच.

सातबारा

भाऊ, तुमचं खरं आहे. आम्ही कोतवाल कोतवाल म्हणून लिहून गेलो, पण ते काम कुणाच्या वाट्याला होतं हे मी कागदावर रोज बघितलंय.

सीमेवरचा

हलगीभाऊंना उत्तर म्हणून नाही, पण जोडून एक सांगतो. पलीकडं आंध्रात 1994 साली मादिगा समाजाचं आरक्षणाच्या वर्गीकरणासाठीचं आंदोलन उभं राहिलं, ते ‘दंडोरा’ याच नावानं ओळखलं जातं. जे वाजवायला लावलं जायचं तेच त्यांनी स्वतःसाठी वाजवलं. तिथं शब्द त्यांनी स्वतः घेतला. आपल्या इथं गावानं तो कुणाच्या तरी वतीनं घेणं ही वेगळी गोष्ट आहे, ते मान्य.

गंगथडी

हलगीभाऊ, विचारीन. खरं सांगायचं तर हे आधी डोक्यात आलंच नव्हतं. ‘दवंडी’ सध्या बाजूला.

कयाधू

हिंगोलीकडून. आमच्याकडं पुराच्या आधी भूकंपाचं बघावं लागतं. 10 जुलै 2024 ला सकाळी सातच्या सुमाराला 4.5 चा धक्का बसला, भांडी वाजली, लोक अंगणात. त्याच वर्षी मार्चमध्येही बसला होता. वसमत, औंढ्याकडं वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज येतात, पेपरवाले त्याला ‘गूढ आवाज’ म्हणतात.

धक्क्यानं जेवढी भीती वाटली त्याच्या दुप्पट नंतरच्या मेसेजनं. ‘ब्रेकिंग! रात्री पुन्हा मोठा भूकंप, नासाचा इशारा, कुणीही घरात झोपू नका.’ भूकंप कुठल्या रात्री किती वाजता येणार हे जगात कुणालाच सांगता येत नाही, नासा असो का कुणी असो. पण आमच्या भागातल्या माणसाला किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी तिथं छोटे धक्के बसत होते हेही खरं, म्हणून अशी अफवा आली की ‘खोटं कशावरून’ म्हणतात आणि पोरंबाळं घेऊन बाहेर पावसात बसतात.

म्हणून माझं म्हणणं, ‘इशारा’ शब्दही आता निर्मळ राहिलेला नाही. नासाचा इशारा, अमक्या पक्षाचा तमक्याला इशारा, आंदोलनाचा इशारा. पेपर उघडा, अर्धे इशारे पुढाऱ्यांचे असतात.

आणि एक लक्षात असू द्या, आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 प्रमाणं आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. ग्रुपाच्या माहितीत वरच लिहून ठेवा.

माळरान

नासाचं पोट्टं आमच्याच गावातलं असावं. दर पावसाळ्यात त्याला हिंगोलीच दिसते. 😂

सरकी

‘अलर्ट’ला एवढं नाक का मुरडायलेत सगळे? पोरांना कळतो, म्हाताऱ्यांनाही टीव्हीमुळं कळतो. यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट आमची आजी पण म्हणते.

छापखाना

म्हणते, पण आजीला विचारा ऑरेंज म्हणजे काय. बहुतेक लोक सांगतील, यलोपेक्षा जास्त पाऊस. हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ तसा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग पावसाला दिलेला नाही, तुमच्या-माझ्या कामाला दिलाय. हे आम्हीच पेपरात नीट लिहिलं नाही कधी. ‘मराठवाड्याला ऑरेंज अलर्ट’ असा मथळा दिला की झालं काम. आतल्या मजकुरात शेतकऱ्यानं काय करायचं याची एक ओळ नाही.

अतिवृष्टीचंही असंच. लोकांना वाटतं अतिवृष्टी म्हणजे भयानक पाऊस. महसुलात तिचं माप ठरलेलं आहे, मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर. सातबाराकाका सांगतील.

सातबारा

65 च. मंडळाच्या पर्जन्यमापकावर. माळावरच्या मापकात 64 भरले आणि तुमच्या वावरात तळं साचलं तरी कागदावर ती अतिवृष्टी नाही. यावरून झालेली भांडणं लिहायला बसलो तर वेगळा धागा लागेल.

कयाधू

आणि क्युसेक? ‘जायकवाडीतून पन्नास हजार क्युसेकने विसर्ग’. गावात कुणाला कळतं ते? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरच्या वर पाणी. बरं मग? माझ्या गोठ्यात येणार का नाही ते सांगा.

गंगथडी

हा मुद्दा लाखातला. आमच्याकडं 2006 च्या ऑगस्टचा पूर सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं होतं, पैठण गावात शिरलं होतं. म्हातारी माणसं ‘सहाच्या पुराला पाणी पाराच्या तिसऱ्या पायरीला होतं’ असं सांगतात, क्युसेक कुणी सांगत नाही. 2025 च्या सप्टेंबरात तर अख्खा मराठवाडाच पाण्यात होता. तेव्हाही लोक एकमेकाला हेच विचारायलेत: पूल गेला का, पार बुडाला का.

म्हणजे आकडा वरून येऊ द्या, पण गावात टाकताना तो पायरीत करून टाकायचा. हे डोक्यात बसलं.

पैठणहून पाणी आमच्यापर्यंत पोचायला मधे वेळ असतो, हाच आमचा फायदा. तो वेळ ‘ब्रेकिंग’ वाचण्यात घालवायचा नाही.

सरकी

फोनवर तो भोंगा वाजतो ते? 2023 मध्ये अचानक सगळ्यांचे फोन किंचाळले होते, मी एसटीत होते, अख्खी गाडी दचकली. माझ्या शेजारची बाई म्हणाली पैसे गेले गं खात्यातून.

छापखाना

ती दूरसंचार खात्याची चाचणी होती. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. तुमचा नंबर लागत नाही, त्या टॉवरखाली जेवढे फोन आहेत त्या सगळ्यांवर एकदम जातो, फोन मुका करून ठेवला तरी वाजतो. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेतून हे करायचंय. कल्पना चांगली आहे. नीट बघितलं तर ती टॉवरनं दिलेली दवंडीच झाली: जेवढ्या गावाला लागू तेवढ्याच गावात वाजवायची. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, तेही आसपासचंच सांगतं. मराठवाड्यात वावरात वीज पडून दरवर्षी माणसं जातात, जनावरं जातात, तेव्हा ते ॲप तरी ग्रुपातल्या सगळ्यांकडून उतरवून घ्या.

हलगी

ज्यांच्याकडं साधा फोन आहे, किंवा फोनच नाही, त्यांचं काय? आमच्या वस्तीवर ऊसतोडीला जाणारी घरं आहेत. पावसाळ्यात माणसं गावात असतात, पण फोन घरात एकच, आणि तो पोराच्या हातात, गेम खेळायला.

सातबारा

देवळातला आणि मशिदीतला भोंगा. आमच्या वेळेला एका गावात पूर आला तेव्हा दोन्हीकडून एकच मजकूर वाचला होता, मी स्वतः लिहून दिला होता. लोक ऐकतात त्याला, कारण त्या वेळेला त्याच्यावर दुसरं काही वाजत नसतं. पण मजकूर एकच हवा. एकानं ‘पाणी येतंय’ म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘पाणी आलं’ म्हणायचं, की पळापळ.

सीमेवरचा

पूर्वी तार यायची तेव्हा घरात नुसतं ‘तार’ म्हटलं तरी बायका रडायला लागायच्या, मजकूर नंतर वाचायचे. नोकरी लागल्याची असली तरी. 14 जुलै 2013 ला तारा बंद झाल्या. त्या शब्दात एवढा दम होता, कारण तार महाग होती, उगाच कुणी करत नव्हतं. गंगथडीभाऊ, तुमच्या शब्दात दम आणायचा असेल तर तो फुकट मिळता कामा नये.

गंगथडी

तेच करायलोय. ग्रुप दोन केले. एक गप्पांचा, तिथं ब्रेकिंग काय वाट्टेल ते चालू द्या. दुसऱ्यावर फक्त पाच जणांना लिहिता येतं: सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, शाळेतले एक सर आणि हलगीभाऊंनी म्हटल्याप्रमाणं वस्तीवरच्या बचत गटाच्या एक ताई. घरात फोन नसलेल्यांकडं कुणी जायचं याची नावं ताईंनीच लिहून दिली. वस्तीवर ‘दवंडी’ शब्दाचंही विचारलं. दोन म्हाताऱ्यांना चालत होता, पोरांना नको होता. म्हणून सोडला.

शब्द ठेवलाय ‘तातडी’. नुसता. एवढ्यावर भागेल असं वाटतंय. ‘तातडीची सूचना’ म्हटलं की सरकारी वाटतं आणि लोक खाली वाचतच नाहीत. मजकुराचा नमुना केलाय, बघा:

‘तातडी. सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की जायकवाडी धरणातून गोदावरी नदीपात्रात विसर्ग वाढविण्यात आला असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे ही नम्र विनंती.’

छापखाना

आम्ही तीस वर्षं हेच छापलं. 🙂 ‘सतर्क राहावे’ म्हणजे काय करावे? ते काढा. ‘कळविण्यात येते की’ काढा. ‘नम्र विनंती’ तर आधी काढा, जीव वाचवायला विनंती कसली.

सातबारा

कुणी सांगितलं ते घाला. ‘तहसीलमधून फोन आला’ किंवा जे असेल ते. त्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवूही नये.

हलगी

कुठं जायचं ते पण नाही त्यात.

गंगथडी

आता बघा:

‘तातडी. पाणी आज रात्री येणार. पाराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येईल. मोटारी आणि जनावरं आत्ता काढा. खालच्या आळीनं शाळेत यायचं. तहसीलमधून पोलीस पाटलांना फोन आला आहे.’

सरकी

आता कळलं मला पण, आणि मी तुमच्या गावची नाही.

सातबारा

‘आज रात्री’ नको. रात्र मोठी असते. किती वाजेपर्यंत निघायचं ते लिहा.

गंगथडी

‘संध्याकाळी सातच्या आत’ केलं. आणि मेसेज टाकला ती वेळ पण खाली लिहायची ठरवली, नाहीतर तोच मेसेज चार दिवसांनी पुन्हा फिरत येतो.

माळरान

फिरत येईल तेव्हा वर ‘ब्रेकिंग’ लागलेलं असेल बघा.